किण्वाची चाकरी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. राजाच्या मद्यशाळांवर देखरेख ठेवणारा हा अधिकारी. मद्य कोणी विकावे, कोठे विकावे, कोणास द्यावे ह्याचे नियम सांगता सांगता ग्रंथकार एकदम भटारखान्यात शिरतो आणि मद्यास लागणारे किण्व कसे तयार करावे, तेही सांगून जातो. उडदाचा लगदा, तांदूळ आणि मोरटादी वनस्पती, असा तो पाठ आहे. राज्यव्यवहाराच्या ग्रंथात ह्या कृतीला जागा मिळाली, कारण तिच्यावर राजाचे उत्पन्न अवलंबून होते. मात्र त्या लगद्यात खरे काम कोण करते, हे कौटिल्याला ठाऊक नव्हते आणि त्याच्यानंतर दोन हजार वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते.

गोव्यातील पोदेराचेही तेच. माडाची सूर पिठात घातली की पीठ फुगते आणि पाव हलका होतो, एवढे त्याला पिढ्यान् पिढ्या माहीत होते. सुरेत असे काय आहे, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. ज्याला आज आपण यीस्ट म्हणतो तो सूक्ष्म जीव असा फार दिवस आपल्या घरी चाकरीला आहे. परंतु नाव, गाव न विचारता ठेवलेला चाकर असतो तसा.

ह्या चाकराची आणि त्याच्या धन्यांची हकीकत मला सांगावयाची आहे. विशेषतः, माणसाच्या रक्तातून काढावी लागणारी एक लस गेल्या शतकाच्या अखेरीस किण्वाने बनवून दिली ती कशी, आणि इतका स्वस्त कामगार मिळूनही ती लस गरिबाच्या तान्ह्या मुलापर्यंत पोचावयास इतकी वर्षे का लागली, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत अर्धेच सापडते.

प्रथम ओळख पटली ती कशी, ते पाहू. हॉलंडमधील लेवेनहूकने १६८० साली आपल्या भिंगाखाली बियरचा थेंब धरला, तेव्हा त्याला त्यात बारीक गोळे दिसले. ते जिवंत असतील असे मात्र त्याच्या मनात आले नाही. ती शंका यावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान व क्युट्झिंग, अशा तिघांनी परस्परांशी सल्लामसलत न करता एकच गोष्ट सांगितली: किण्व हे सजीव आहे, ते वाढते, त्याला अंकुर फुटतात, आणि साखरेचे मद्य होते ते त्याच्या जगण्यामुळे.

ह्या म्हणण्याचे स्वागत टवाळीने झाले. त्या काळी रसायनशास्त्र नव्या दिमाखात होते. जीवसृष्टीतील प्रत्येक व्यवहार आपण द्रव्यांच्या संयोगवियोगाने समजावून देऊ, असा त्याच्या धुरीणांना विश्वास होता. त्यांत लीबिग आणि व्होलर हे अग्रणी. १८३९ साली त्यांच्या नियतकालिकात एक निनावी लेख आला. त्यात भिंगातून पाहिलेल्या किण्व-प्राण्याचे गंभीर चेहऱ्याने वर्णन केले होते: त्याचा आकार अर्क काढण्याच्या भांड्यासारखा असून तो साखर गिळतो, एका बाजूने मद्य विसर्जित करतो आणि दुसऱ्या बाजूने कर्बवायू सोडतो! विद्वानांची थट्टा विद्वानांनी केली की ती फार दिवस टिकते. किण्व सजीव आहे हे म्हणणे त्यानंतर पुष्कळ वर्षे हास्यास्पद ठरून राहिले.

पाश्चरने ते पुन्हा उभे केले. लील येथे प्राध्यापक असताना बीटच्या साखरेपासून मद्य करणाऱ्या एका कारखानदाराने आपली पिंपे का नासतात, हा प्रश्न त्याच्याकडे आणला. त्या पिंपांतून निघालेली वाट १८५७ ते १८६० ह्या काळातील त्याच्या प्रबंधांपर्यंत गेली. किण्व जगते म्हणून किण्वन होते, हे त्याने प्रयोगांनी दाखवले. लीबिग अखेरपर्यंत पुरता मानला नाही. आणि गंमत अशी की, तोही सर्वस्वी चुकलेला नव्हता. १८९७ साली एडुआर्ट बुखनरने किण्व वाळूबरोबर घोटले, दाबून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रसात एकही जिवंत पेशी नसताना साखरेला बुडबुडे येऊ लागले. म्हणजे काम पेशीतील प्रथिने करीत होती. पेशी हा त्यांचा कारखाना. ह्या शोधाबद्दल बुखनरला १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाश्चर म्हणत होता कारखाना जिवंत आहे. लीबिग म्हणत होता आतील यंत्रे रसायनाच्या नियमाने चालतात. दोघांची बेरीज केली की आजचे जीवरसायनशास्त्र तयार होते.

ह्याच काळातील आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण माझ्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेचा मालक याकोब्सेन ह्याने १८७५ साली एक प्रयोगशाळा काढली आणि तेथे जे शोध लागतील ते गुप्त ठेवावयाचे नाहीत असा दंडक घातला. १८८३ साली तेथील एमिल ख्रिश्चन हान्सेन ह्याने एकाच पेशीपासून किण्वाची निर्भेळ जात वाढवून दाखवली. बियर बिघडते ती रानटी किण्वाच्या भेसळीने, हे त्यामुळे सिद्ध झाले. अशा शोधावर मालकाने कुलूप घातले असते तर व्यापारी जगात कोणी नवल केले नसते. याकोब्सेनने ते निर्भेळ किण्व प्रतिस्पर्धी मद्यशाळांनाही देऊ केले. त्याचा धंदा त्यामुळे बुडाला नाही.

आता शंभर वर्षे पुढे येऊ आणि मद्याकडून आजाराकडे वळू.

कावीळ आपल्याकडे कोणाला नवी नाही. चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत आणि पाणी पिवळे झालेले पाहून कावीळ उतरली म्हणावे, किंवा गळ्यात काड्यांची माळ घालून ती लांबत जाईल तसा आजार सरतो असे मानावे, हे उपाय मी गावोगाव पाहिले आहेत. बहुतेक काविळी आपोआप बऱ्या होतात, त्यामुळे माळेला यश येते. परंतु काविळीचा एक प्रकार असा आहे की त्याचा विषाणू रक्तातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाकडे जातो, आणि कित्येकदा डोळे पिवळे न करताच यकृतात ठाण मांडून बसतो. मोठ्या माणसाला तो जडला तर शंभरांतील पाचांहून कमी लोकांत कायमचा राहतो. जन्मतः जडला तर नव्वदांत राहतो. तीसचाळीस वर्षांनी त्यातील काहींचे यकृत आक्रसते, काहींना कर्करोग होतो. ह्याला ‘हेपटायटिस बी’ म्हणतात.

त्याचा माग लागला तो योगायोगाने. बारुख ब्लुमबर्ग हा अमेरिकन संशोधक निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तातील प्रथिनांचे भेद शोधीत होता. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्याला एक अपरिचित प्रथिन आढळले. १९६५ साली त्याने ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ ह्या नावाने प्रसिद्ध केले. ते प्रथिन म्हणजे काविळीच्या विषाणूचे बाह्य कवच आहे, हे नंतर उलगडले. रोग्याच्या रक्तात अख्ख्या विषाणूंपेक्षा ही रिकामी कवचेच कितीतरी अधिक तरंगत असतात. कवचात विषाणूचा गाभा नाही, म्हणजे रोग देण्याची शक्ती नाही. परंतु शरीराला शत्रूची ओळख पटवावयास कवच पुरेसे आहे. ब्लुमबर्ग आणि त्याचा सहकारी अर्व्हिंग मिलमन ह्यांनी १९६९ मध्येच अशा लशीची कल्पना मांडली, आणि ब्लुमबर्गला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग मर्क कंपनीतील मॉरिस हिलमन ह्याने ती लस प्रत्यक्षात आणली. विषाणूचे वाहक असलेल्या माणसांचे रक्तद्रव गोळा करावयाचे, त्यातील कवचे वेगळी काढावयाची, पेप्सिन, युरिया आणि फॉर्माल्डिहाइड अशा तीन संस्कारांतून नेऊन त्यात दुसरे काहीही जिवंत राहणार नाही अशी व्यवस्था करावयाची. एक घाणा तयार होऊन तपासून बाहेर पडावयास वर्षाहून अधिक काळ लागे, आणि तपासणी चिंपांझींवर करावी लागे. न्यूयॉर्कमध्ये वोल्फ श्मुनेस ह्याने १,०८३ स्वयंसेवकांवर घेतलेल्या चाचणीत लस उत्तम ठरली. १९८१ च्या नोव्हेंबरात तिला अमेरिकेत परवाना मिळाला.

काळ मात्र वाईट होता. त्याच वर्षी जूनमध्ये एका नव्या, प्राणघातक आजाराची पहिली वार्ता प्रसिद्ध झाली होती. पुढे त्याला एड्स हे नाव मिळाले. तोही रक्तातून पसरत होता, आणि रक्तद्रव देणाऱ्यांत असलेल्या गटांतच तो दिसत होता. लशीवरील तीन संस्कारांत एड्सचा विषाणू टिकत नाही हे पुढे सिद्ध झाले. परंतु भीतीला पुरावा उशिराने पोचतो. शिवाय तीन मात्रांना सुमारे १०० डॉलर पडत. माणसाचे रक्त हा कच्चा माल असलेली लस साऱ्या जगाला पुरणार कशी, हा प्रश्न तर होताच.

येथे आपला चाकर पुन्हा रंगभूमीवर येतो.

कवचाच्या प्रथिनाचे जनुक १९७९ पर्यंत वेगळे काढून वाचले गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोमधील विल्यम रटर आणि चिलीहून आलेला पाब्लो व्हालेन्झुएला हे त्या कामात पुढे होते. जनुक हाती आले म्हणजे कृती हाती आली. आता ती कोणाकडून तरी रांधून घ्यावयाची. जिवाणूंकडून इन्सुलिन बनवून घेण्यात त्याच सुमारास यश आले होते, म्हणून पहिला प्रयत्न जिवाणूंवरच झाला. ह्या प्रथिनाच्या बाबतीत जिवाणू उपयोगी पडले नाहीत. प्रथिन नुसते तयार होऊन भागत नाही; ते योग्य रीतीने दुमडावे लागते, आणि असे पुष्कळ रेणू एकत्र येऊन त्यांचा गोळा व्हावा लागतो. तो आकार नसेल तर शरीर शत्रूला ओळखत नाही. जिवाणूची पेशी म्हणजे एकखणी झोपडी. किण्वाची पेशी लहान असली तरी तिला केंद्रक आहे, आत खोल्या आहेत, प्रथिने घडवण्याची निराळी जागा आहे. ह्या बाबतीत किण्व जिवाणूपेक्षा माणसाचे जवळचे नातेवाईक आहे.

किण्वात परके जनुक घालण्याची वाट १९७८ साली कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स आणि फिंक ह्यांनी पाडली होती. सिॲटल येथे बेंजामिन हॉल आणि गुस्ताव्ह आमरर हे किण्वाच्या जनुकांना ‘चालू’ करणाऱ्या कळा शोधीत होते. मद्य करण्याच्या कामी लागणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकासमोर अशी एक जोरकस कळ असते. ती कापून त्यांनी परक्या जनुकापुढे जोडली. किण्वाला वाटावे आपण नेहमीचेच काम करीत आहो, आणि हातून व्हावे भलतेच! सिॲटल आणि सॅन फ्रान्सिस्को येथील मंडळींनी मिळून काविळीच्या कवचाचे जनुक असे जोडले. पेशी फोडून पाहिल्या तेव्हा आत नुसते प्रथिन नव्हते. सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचे, रोग्याच्या रक्तात दिसतात तसेच गोल कण आपोआप जुळून आलेले होते. १९८२ साली हे वृत्त ‘नेचर’मध्ये आले, आणि १९८६ मध्ये मर्कच्या किण्वजन्य लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. जनुकांची जोडणी करून बनवलेली, माणसासाठी मान्य झालेली ही पहिली लस. आता रक्तद्रव देणाऱ्यांची गरज उरली नाही. साखर घातलेले पाणी, काही क्षार आणि मोठे पोलादी भांडे एवढ्यावर काम भागू लागले.

कोणालाही वाटेल, आता लस मातीमोल होणार. तसे झाले नाही. रक्तद्रवाची लस महाग होती ती कच्च्या मालामुळे, असे आपण समजत होतो. कच्चा माल साखरपाणी झाला तरी किंमत फारशी उतरली नाही. उलट, त्याच दशकाच्या अखेरीस दक्षिण कोरियातील कारखानदार जुनी, रक्तद्रवाची लसच मोठ्या सरकारी खरेदीसाठी मात्रेला एक डॉलरच्या आसपास देऊ लागले. किंमत भांड्यात नव्हती. ती भांड्याभोवतीच्या कुंपणात होती: पेटंटे, परवाने, आणि ग्राहक श्रीमंतच असणार हे गृहीत. कंपन्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वर्षानुवर्षे पैसा घालून, धोका पत्करून त्यांनी हे काम केले नसते तर लस झालीच नसती, हेही तितकेच खरे आहे. तथापि ह्या व्यवस्थेत सर्वांत उशिरा पाळी येते ती ज्याला लशीची गरज सर्वांत अधिक त्याची.

भारतात ते स्पष्ट दिसले. नव्वदच्या दशकात परदेशी लशीच्या एका मात्रेला काही शे रुपये पडत आणि अशा तीन मात्रा घ्याव्या लागत. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या आईला हा आकडा सांगण्यातही अर्थ नव्हता. हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी हे मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी परदेशी कंपनीकडे तंत्र विकत मागितले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. १९९३ साली त्यांनी शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली. भांडवल काही अंशी ओमानमधून उभे राहिले, आणि तरुण शास्त्रज्ञांनी विद्यापीठाच्या व सरकारी संस्थेच्या जागेत काम केले. १९९७ साली त्यांची लस बाजारात आली. तिची मात्रा पन्नास रुपयांच्या आसपास होती. मग इतर भारतीय कंपन्या पुढे आल्या आणि किंमत आणखी उतरली.

हैदराबादच्या मंडळींनी वापरले ते किण्व बियरचे नव्हते. पिकिया नावाची ही जात मेथॅनॉलवर जगते. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम ह्या तेलकंपनीने ती पाळली होती, नैसर्गिक वायूपासून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य करण्याकरिता. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, सोयाबीन स्वस्त ठरले आणि तो बेत बारगळला. बेत बुडाला, पण दाट वाढणारे एक किण्व आणि ते वाढवण्याची विद्या मागे उरली. गुरांच्या वैरणीसाठी आणलेला चाकर असा लशीच्या कामास लागला.

पुण्याचाही ह्या हकीकतीत वाटा आहे. १९६६ साली सायरस पूनावाला ह्यांनी स्थापन केलेली सीरम इन्स्टिट्यूट घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरील लस-रस करण्याने सुरू झाली. त्याच संस्थेत पुढे हान्सेन्युला ह्या जातीच्या किण्वापासून काविळीची लस होऊ लागली. ह्या जातीच्या नावात कार्ल्सबर्गच्या त्या हान्सेनचेच नाव आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवरील, २०२२ साली मान्यता मिळालेली पुण्याची लसही त्याच किण्वाच्या हातची आहे. रक्ताकडून किण्वाकडे झालेला हा प्रवास एका कुंपणाच्या आत पाहावयास मिळतो.

किण्व सर्वशक्तिमान आहे असे मात्र नव्हे. प्रथिनांना ते आपल्या पद्धतीची साखर चिकटवते, आणि ती माणसाच्या शरीराला परकी वाटू शकते. म्हणून कित्येक औषधी प्रथिने सस्तन प्राण्यांच्या पेशींतच, बराच खर्च करून, वाढवावी लागतात. चाकराच्या मर्यादाही ओळखाव्या लागतात.

लशीचा परिणाम काय झाला? तैवानने १९८४ पासून नवजात मुलांना लस द्यावयास आरंभ केला. आरंभी रक्तद्रवाची, पुढे किण्वाची. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात ०.७० वरून ०.३६ वर आलेले दिसले. लसीने कर्करोग टळू शकतो, ह्याचा हा पहिला ठोस पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्येच साऱ्या देशांना ही लस नित्याच्या लसीकरणात घ्यावयास सांगितले होते. भारतात ती २००२ च्या सुमारास काही जिल्ह्यांत व शहरांत सुरू झाली आणि सर्व देशात जावयास २०११ उजाडले. १९८२ चा प्रयोग आणि २०११ चा देशव्यापी कार्यक्रम ह्यांमध्ये एक अख्खी पिढी जन्मून मोठी झाली. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात २ कोटी ९८ लाख माणसे हा विषाणू घेऊन जगत आहेत. त्यांतील पुष्कळांचा जन्म ह्या मधल्या काळातला आहे.

म्हणून २०२१ च्या डिसेंबरातील एक घटना मला महत्त्वाची वाटते. करोनाच्या साथीत टेक्सासमधील पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी ह्यांच्या प्रयोगशाळेने पिकिया किण्वाकडून त्या विषाणूचे एक प्रथिन बनवून घेतले आणि त्यावर पेटंट घेतले नाही. हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई कंपनीने त्यापासून लस केली; पुढच्या मार्चपासून ती आपल्याकडील १२ ते १४ वर्षांच्या मुलांना देण्यात आली. शाळकरी मुलांच्या दंडात जे टोचले गेले, त्यामागे याकोब्सेनचाच दंडक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. किण्वाने आपले काम दर वेळी चोख केले. ज्याच्या हाती पेशी जाईल त्याच्यासाठी तिने सारख्याच निष्ठेने प्रथिन घडवले. कोणासाठी घडवावयाचे, हे ठरवणारे आपण आहो. आज काविळीची लस स्वस्त आहे, पुण्याहैदराबादेत होते, सरकारी दवाखान्यात पैसे न देता मिळते. तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावी लागते, कारण आईकडून आलेला विषाणू थांबवावयास तेवढीच सवड असते. घरी होणारी बाळंतपणे, सुटीच्या दिवशी बंद राहिलेला लशीचा कपाट, शेवटच्या पाड्यापर्यंत न गेलेली नर्सबाई, ह्यांत ते चोवीस तास निघून जातात. तेवढे काम मात्र किण्वावर सोपवता येत नाही.